एकाच घरातली मासळी आणि सोनं

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतात, सील हार्बर नावाची एक लहानशी खाडी आहे. ओहोटीला तिथे चिखलाची सपाटी उघडी पडते आणि त्या चिखलात मऊ कवचाच्या शिंपल्या मिळतात, आपल्या तिसऱ्यांच्या लांबच्या नात्यातल्या. आसपासच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या उकरून काढल्या, खाल्ल्या, विकल्या. २००५ च्या सुमारास सरकारने इथल्या शिंपल्या काढायला बंदी केली, कारण त्यांच्या मांसात आणि भोवतालच्या गाळात सोमल, म्हणजे आर्सेनिक, फार मोठ्या प्रमाणात सापडला. हा सोमल त्या काळातल्या कुठल्या कारखान्यातून सुटलेला नव्हता. वरच्या अंगाला असलेल्या सोन्याच्या खाणींच्या चुऱ्यातून तो आला होता, आणि त्या खाणी बंद पडून साठेक वर्षं उलटली होती.

या पुस्तकाचा विषय समजायला मला याहून चांगली वाट दिसत नाही. सोन्याच्या इतिहासाची सुरुवात सहसा सोनं सापडल्याच्या दिवसापासून होते आणि शेवट खाण बंद झाल्याच्या दिवशी. मासेमारीच्या इतिहासात सोन्याला एखादा परिच्छेद मिळतो. सील हार्बर, गोल्डबरो, आयझॅक्स हार्बर, वाइन हार्बर, टँजियर या किनारपट्टीवरच्या गावांत मात्र होडी ज्या घराची होती, त्याच घरातला माणूस खाणीतही उतरत होता. वर्ष एकच, माणूस एकच, चूल एकच. पुस्तकांनी त्या घराची दोन भागांत वाटणी केली आणि दोन वेगळ्या कपाटांत ठेवून दिली. ती वाटणी मोडायची, एवढाच या पुस्तकाचा उद्देश आहे.

प्रदेशाची ओळख आधी करून द्यायला हवी. हॅलिफॅक्स शहरापासून ईशान्येकडे कॅन्सोच्या टोकापर्यंत जो किनारा जातो, त्याला तिथले लोक नुसतं ‘ईस्टर्न शोअर’ म्हणतात. त्याचं पूर्वेकडचं टोक गायझबरो परगण्यात येतं. किनारा खडकाळ, दंतुर. शेकडो बेटं, अरुंद खाड्या, धुकं भरपूर. जमीन शेतीला जवळजवळ निरुपयोगी. पातळ मातीखाली खडक, खडकावर ठेंगणी स्प्रूसची झाडं, मध्ये दलदली आणि तळी. अशा ठिकाणी वस्ती होते ती समुद्राच्या भरवशावर, आणि घरं रस्त्याकडे नव्हे तर पाण्याकडे तोंड करून बांधली जातात. रस्ते पुष्कळ उशिरा आले. खाणींची लोखंडी यंत्रं, कोळसा, पिठाची पिंपं, पत्रं, डॉक्टर, पाद्री, सगळं गलबतांतून येत असे.

हीच निकस जमीन सोन्याची निघाली, आणि यात योगायोगाचा भाग कमी आहे. या किनाऱ्याखालचा खडक सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या वाळूचा आणि चिखलाचा आहे. भूखंडांच्या टकरीत हे थर दाबले गेले, त्यांना किनाऱ्याशी साधारण समांतर अशा लांबच लांब घड्या पडल्या. घड्यांच्या माथ्यावर जिथे थर एकमेकांपासून सुटले, तिथे खोलवरून आलेलं उष्ण पाणी शिरलं आणि गारगोटीच्या शिरा तयार झाल्या. सोनं त्या गारगोटीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या खाणींतही असाच प्रकार दिसतो. सोन्याच्या सोबत, त्याच शिरांत आणि शेजारच्या पाटीच्या दगडात, आर्सेनोपायराइट नावाचं खनिज आहे: लोखंड, गंधक आणि सोमल यांचं संयुग. खाणकामगारांना ते दिसलं की बरं वाटे, कारण त्याच्या आसपास सोनं असण्याची शक्यता वाढे. भूवैज्ञानिक या खडकांना ‘मेगुमा’ म्हणतात. हे नाव मिकमॉ लोकांवरून आलं आहे, आणि मिकमॉ हे या भूमीचे मूळ रहिवासी.

मिकमॉ उन्हाळ्यात किनाऱ्यावर मासे, शिंपल्या, पक्षी आणि सील यांवर राहत आणि हिवाळ्यात नद्यांच्या वाटेने आत शिकारीला जात. किनाऱ्यावर येऊन वसलेले युरोपीय लोक पुढे जे करू लागले, म्हणजे ऋतूप्रमाणे धंदा बदलायचा, ते इथे आधीपासूनच चालत आलेलं होतं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर, १७८३ च्या हिवाळ्यात, ब्रिटिश राजाच्या बाजूने लढलेल्या पलटणींचे सैनिक कंट्री हार्बरच्या काठी उतरवले गेले. त्यांनी आपल्या वस्तीला स्टॉरमाँट नाव दिलं. पुढच्याच वर्षी गायझबरोच्या भागात कृष्णवर्णीय ‘लॉयलिस्ट’ आले. त्यांतले अनेक जण गुलामगिरीतून पळून ब्रिटिशांच्या आश्रयाला गेलेले होते. आयझॅक्स हार्बर हे नाव आयझॅक वेब या कृष्णवर्णीय वसाहतकऱ्यावरून पडलं, अशी तिथली परंपरा आहे. सोन्याची म्हणून ओळखली गेलेली खाडी एका काळ्या वसाहतकऱ्याच्या काळातच नाव मिळवून बसली होती; सोनं येऊन पोहोचलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. गावाच्या इतिहासात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. मला ती तशी उरकणं पटत नाही, म्हणून दुसरं प्रकरण पूर्ण तिला दिलं आहे.

सोन्याआधीच्या घराचा हिशोब कसा चाले, ते नीट पाहिलं पाहिजे. वसंतात व्यापारी मीठ, दोर, जाळी, पीठ, चहा आणि काकवी उधारीवर देई. उन्हाळाभर कॉड पकडायचा, चिरायचा, खारवायचा आणि किनाऱ्यावर उभारलेल्या लाकडी मांडवांवर सुकवायचा. पकडणं पुरुषांचं, चिरणं, खारवणं, उन्हात पसरणं, धुकं आलं की धावत जाऊन झाकणं यात बायका आणि मुलं. शरदात माल व्यापाऱ्याच्या गोदामात जाई. मालाची प्रत तोच ठरवी आणि भावही तोच. वर्षाच्या शेवटी वहीत आकडा जमेकडे पडला तर नशीब, नाहीतर पुढचं वर्षही त्याचंच. उत्तम प्रतीचा मासा युरोपला जाई. हलका माल वेस्ट इंडीजच्या बेटांवर जाई आणि ऊसमळ्यांत राबणाऱ्या माणसांचं ते अन्न असे, गुलामगिरीच्या काळात आणि नंतरही. येताना तीच गलबतं काकवी आणि रम घेऊन येत. या सबंध चक्रात कोळ्याच्या हाती नाणं क्वचितच पडे. त्याची मेहनत वहीत शिरे आणि वहीतच संपे.

सोन्याने या घरात पहिल्यांदा रोख पैसा आणला. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं हे वाटतं. तिथल्या माणसांनी सोन्याकडे श्रीमंतीचं स्वप्न म्हणून पाहिलं असेलही. पण पुढे टिकली ती हिवाळ्याची मजुरी, जी व्यापाऱ्याच्या वहीतून जात नव्हती.

शोधाच्या कथा बहुतेक सगळ्या एका साच्यातल्या आहेत. १८५८ मध्ये कॅप्टन लेस्ट्रेंज हा ब्रिटिश अधिकारी मूसच्या शिकारीला टँजियर नदीच्या बाजूला गेला असताना त्याला गारगोटीत सोनं दिसलं. १८६० मध्ये मस्कोडोबॉइटचा जॉन पल्सिफर मिकमॉ वाटाड्यांना घेऊन त्याच भागात गेला आणि त्याने सोनं आणल्याची नोंद झाली. पीटर मेसन नावाचा माणूस टँजियरजवळ ओढ्याचं पाणी प्यायला वाकला आणि त्याला पाण्यात चकाकी दिसली. गोल्डनव्हिलला नेल्सन निकर्सनला गवत कापताना सोन्याचा दगड सापडला म्हणतात. वाइन हार्बरला वाळूत कण मिळाले. साधा माणूस आपल्या कामात आहे आणि सोनं आपण होऊन समोर येतं, असं सांगायला प्रत्येक गावाला आवडतं. पल्सिफरच्या कथेत मात्र दुसरंही काही आहे. वाट कुणाला ठाऊक होती, कुठल्या नदीने आत शिरायचं, कुठे मुक्काम करायचा, हे ज्यांना कळत होतं ते मिकमॉ वाटाडे. शोधाचं श्रेय मोजताना हे ज्ञान बिनमोल धरलं गेलं, दोन्ही अर्थांनी.

या शोधांची वेळ मात्र विचार करण्यासारखी आहे. १८२६ मध्ये ब्रिटनच्या राजाने या वसाहतीतली खनिजं आपल्या भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला, भाडेपट्ट्याने दिली होती. ड्यूक कर्जबाजारी होता. ते हक्क लंडनच्या ज्या जवाहिऱ्यांचं देणं त्याने थकवलं होतं त्यांच्याकडे गेले, आणि त्यांनी जनरल मायनिंग असोसिएशन नावाची कंपनी उभी केली. एका राजपुत्राच्या दागिन्यांच्या उधारीपायी नोव्हा स्कोशियाच्या जमिनीखालचा ऐवज तीस वर्षं एका कंपनीच्या मुठीत राहिला. १८५७-५८ मध्ये वसाहतीच्या सरकारने झगडून ती मक्तेदारी सोडवली. सोन्याची धावपळ लगेच त्यानंतर सुरू झाली. लोकांना आधी सोनं दिसलंच नसेल असं मला वाटत नाही. पण जे आपलं होणार नाही ते शोधून काढायला कोण निघतो?

१८६१ चं वर्ष गर्दीचं. टँजियर, वाइन हार्बर, आयझॅक्स हार्बर, गोल्डनव्हिल, सगळीकडे एकाच उन्हाळ्यात माणसं लोटली. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड टँजियरच्या खाणी पाहायला येऊन गेला. पश्चिमेकडे लूननबर्गजवळ ‘द ओव्हन्स’ या समुद्रगुहांच्या पायथ्याला लाटांनीच खडक फोडून सोनं वाळूत आणून टाकलं होतं. तिथे किनाऱ्यावरच पाट्या आणि चाळण्या घेऊन लोक बसले. पण हे सोपं सोनं लवकर संपलं. उरलं ते कठीण गारगोटीतलं, आणि ते काढायला भांडवल लागतं. धावपळीत आलेले बहुतेक पाहुणे निघून गेले, कोळी तिथेच होते. विहिरीसारखे खड्डे खणायला, सुरुंगाची भोकं पाडायला, लाकूड तोडायला, गलबतातून यंत्रं उतरवून चिखलातून ओढून न्यायला हीच माणसं लागली. एप्रिल ते ऑक्टोबर समुद्र, नंतर खाण. किंवा घरातला एक भाऊ होडीवर, दुसरा खाणीत. दोर वळायची, गाठी मारायची, लाकूड जोडायची आणि ओल्या थंडीत न कुरकुरता काम करायची सवय दोन्हीकडे उपयोगी पडली.

सोनं निघतं कसं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. खाणीतून आलेली गारगोटी गिरणीत जाई. तिथे लोखंडी टाचांचे जड दांडे ओळीने उभे असत, वाफेच्या किंवा पाण्याच्या बळावर वर उचलले जात आणि दगडावर आदळत. तो आवाज रात्रंदिवस सबंध गावात ऐकू येई. पिठासारखा बारीक झालेला दगड पाण्याबरोबर तांब्याच्या पत्र्यांवरून वाहवत. त्या पत्र्यांना पारा चोळलेला असे. सोन्याचे कण पाऱ्याला चिकटत, उरलेला चुरा वाहून जाई. पत्र्यावरची लगदी खरवडून, फडक्यातून पिळून, भट्टीत तापवली की पारा उडून जाई आणि सोनं मागे राही. उडालेला पारा थंड करून पुन्हा वापरत. पण वापरलेल्यापैकी दहा ते पंचवीस टक्के पारा चुऱ्याबरोबर गेला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि तो चुरा जाई जवळच्या ओढ्यात, तळ्यात, दलदलीत, नाहीतर सरळ खाडीत. त्या काळी कुणालाच यात वावगं वाटलं नाही. माशांची डोकी आणि आतडीही पाण्यातच टाकत, आणि समुद्र ती घेऊन जाई. समुद्र सगळं घेऊन जातो, हा त्या किनाऱ्याचा अनुभव होता. सोमल त्या अनुभवात बसणारा नव्हता.

सरकारला सोन्यावर तीन टक्के स्वामित्वशुल्क मिळे आणि ते गिरणीवर वसूल होई. त्यामुळे गिरणीवाल्याला किती टन दगड दळला आणि किती औंस सोनं निघालं याची नोंद देणं भाग होतं. खाणखात्याचे वार्षिक अहवाल त्या नोंदींनी भरलेले आहेत. कुठल्या खाणीत कुठल्या वर्षी काय निघालं, हे आज टेबलापाशी बसून सांगता येतं. कॉडची निर्यात बंदराच्या वहीत सापडते. पण घरी खाल्लेला मासा, शेजाऱ्याला दिलेली हेरिंगची बादली, बायकांनी सुकवलेले ढीग, मुलांनी उकरलेल्या शिंपल्या यांची नोंद कुणी ठेवली नाही, कारण त्यावर कर नव्हता. म्हणून कागदपत्रांत सोनं मोठं दिसतं आणि मासा लहान. ज्यांनी फक्त कागद पाहून इतिहास लिहिला त्यांच्या पुस्तकांत गोल्डनव्हिल आणि आयझॅक्स हार्बर ही खाणगावं होऊन बसली. आकडे खोटे नाहीत, आणि ते मी वापरले आहेतच. १८६१ पासून १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रांतातल्या ६४ सुवर्णक्षेत्रांतून सुमारे १२ लाख औंस, म्हणजे ३७ टनांच्या आसपास सोनं निघालं. त्यातलं २ लाख १० हजार औंस एकट्या गोल्डनव्हिलचं. मागे राहिलेला चुरा ३० लाख टनांच्या घरातला. पुढची पानं वाचताना ही दोन वजनं शेजारी शेजारी लक्षात ठेवावीत.

पहिली लाट १८७४ च्या सुमारास ओसरली. खाणी उथळ होत्या, भांडवलदार अधीर होते, आणि शीर कुठे जाते हे कुणालाच नीट कळत नव्हतं. ते कळवून दिलं एका माणसाने. कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या युजीन रोडोल्फ फॅरिबॉल्ट यांनी १८८० च्या दशकापासून जवळजवळ अर्धशतक हा किनारा पायाखाली घातला. दलदली, झाडोरा आणि डासांचे थवे यांतून चालत त्यांनी घडीन्‌घडी नकाशावर उतरवली आणि सोनं घड्यांच्या माथ्यांशी जोडलेलं आहे हे दाखवून दिलं. त्यांचे नकाशे आजही खाणकंपन्या उघडतात. मोठ्या शास्त्रज्ञांच्या यादीत त्यांचं नाव सहसा दिसत नाही. मला मात्र त्यांच्या कामाइतकं चिकाटीचं काम या सबंध इतिहासात दुसरं दिसलं नाही, आणि नकाशांवरचं प्रकरण लांबलं आहे ते त्यामुळे.

दुसरी लाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. हॉवर्ड रिचर्डसन यांना १८९२ मध्ये अप्पर सील हार्बरला सोन्याचा पट्टा सापडला. बारीक शिरांनी भरलेला पाटीचा दगड, टनामागे सोनं थोडं पण दगड अमाप. अशा खाणीला माणसं पुष्कळ लागतात आणि यंत्रं मोठी. पुढे बॉस्टनचं भांडवल येऊन ती बॉस्टन-रिचर्डसन खाण झाली. आयझॅक्स हार्बरच्या खाडीच्या पूर्वेकडच्या वस्तीचं गोल्डबरो हे नाव याच सोन्याचं. याच वर्षांत किनाऱ्यावर शेवंडं डबाबंद करण्याचे लहान लहान कारखाने चालू होते. मोठ्या नांग्यांची ही शेवंडं एके काळी गरिबाचं खाणं मानली जात. डबे इंग्लंड-अमेरिकेला जाऊ लागले आणि त्यांना किंमत आली. डब्यांच्या कारखान्यात बायका आणि मुली, खाणीत पुरुष, होडीवर म्हातारे आणि पोरं. या घरांत पूर्वी कधी नव्हता एवढा रोख पैसा त्या काळात आला असावा. पडदे, शिवणयंत्र, चर्चमध्ये ऑर्गन. दगडाचा चुराही पूर्वी कधी नव्हता एवढा निघाला आणि ओढ्यांनी खाली गेला.

तिसऱ्या लाटेचं कारण गावापासून फार दूरचं. मंदीच्या काळात, जानेवारी १९३४ मध्ये, अमेरिकेने सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला. ज्या दगडाकडे कुणी पाहत नव्हतं तो पुन्हा परवडू लागला. त्याच वेळी माशाचा भाव मात्र तळाला गेला होता. कोळ्यांना खाणीशिवाय दुसरा आधार उरला नाही. लोअर सील हार्बरला गिरणी आणि सायनाइडची टाकी उभी राहिली. किनाऱ्यापासून आत मूस रिव्हरला १९३६ च्या एप्रिलमध्ये जुनी खाण कोसळून तिघे अडकले आणि त्यांतले दोघे अकरा दिवसांनी जिवंत निघाले. जे. फ्रँक विलिस यांनी खाणीच्या तोंडाशी उभं राहून केलेलं रेडिओ-वार्तांकन उत्तर अमेरिकेत घरोघरी ऐकलं गेलं. या घटनेवर भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून मी तिथे थांबलो नाही. दुसरं महायुद्ध आलं, माणसं आणि पोलाद युद्धाकडे वळली, १९४२ पर्यंत बहुतेक खाणी बंद झाल्या. गिरण्यांचं लाकूड लोकांनी गोठे आणि मासे ठेवण्याच्या खोल्या बांधायला नेलं.

त्यानंतर तीस वर्षं कुणी चुऱ्याकडे पाहिलं नाही. गोल्डनव्हिलला तो राखाडी वाळवंटासारखा पसरला होता. मुलं त्यावर खेळत, पुढे मोटारसायकली फिरवत. १९७६ मध्ये हॅलिफॅक्सजवळच्या वेव्हरली या जुन्या खाणगावात विहिरीचं पाणी पिणाऱ्या एका माणसाला सोमलाची जुनाट विषबाधा झाल्याचं निदान झालं आणि तपासण्या सुरू झाल्या. २००० नंतर सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी चुऱ्याचे ढीग, ओढे, तळी आणि खाड्या पद्धतशीर तपासल्या. उन्हापावसाने आर्सेनोपायराइटचं विघटन होतं, सोमल सुटतो, पाण्याबरोबर उतरतो, आणि पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांत साठतो. २०१९ मध्ये प्रांताच्या सरकारने माँटेग्यू आणि गोल्डनव्हिल या दोनच ठिकाणांच्या सफाईसाठी ४ कोटी ८० लाख डॉलर बाजूला काढले. अशी ठिकाणं किती आहेत ते वर आलंच आहे. ज्यांनी नफा नेला त्या कंपन्या केव्हाच विसर्जित झाल्या. खर्च सरकारी तिजोरीचा आणि शिंपल्यांचं नुकसान गावाचं.

माशाचं जे झालं, तेही त्याच काळात घडलं. १९७७ मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला. परदेशी ट्रॉलर गेले आणि देशी ट्रॉलर आले. १९९३ मध्ये स्कोशियन शेल्फच्या पूर्व भागात कॉड पकडायला बंदी झाली आणि तो साठा अजून सावरलेला नाही. २०२२ मध्ये मॅकरलची व्यापारी मासेमारीही थांबवली गेली. आता हा किनारा मुख्यतः शेवंडांवर जगतो. वसंतातले दोन महिने हंगामाचे, आणि त्या दोन महिन्यांत वर्षाची कमाई. एकाच जातीवर सगळा भार टाकून बसणं किती धोक्याचं, हे त्या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही.

मधल्या काळात गोल्डबरोला नैसर्गिक वायूचा प्रकल्पही होऊन गेला. सेबल बेटाजवळच्या समुद्रातून वायू १९९९ मध्ये येऊ लागला आणि २०१८ च्या अखेरीस संपला. वायू द्रवरूप करून निर्यात करण्याची मोठी योजना जाहीर झाली, ती २०२१ मध्ये बारगळली. एका पिढीत येऊन गेलेलं हे आणखी एक सोनं म्हणता येईल. पण खाणीने घराचा कारभार जसा आतून बदलला तसं वायूने केलं नाही, म्हणून त्याला मी चारच पानं दिली आहेत.

आता सोनं पुन्हा दारात आहे. मूस रिव्हरला, जिथे १९३६ ची दुर्घटना घडली, त्या जागी २०१७ पासून काही वर्षं उघडी खाण चालली. शेरब्रुकजवळ सेंट मेरीज नदीच्या खोऱ्यात खाण काढायच्या बेताला सामन नदीत परत यावेत म्हणून वर्षानुवर्षं झटणाऱ्या लोकांनी कडवा विरोध केला. गोल्डबरोच्या जुन्या बॉस्टन-रिचर्डसन पट्ट्यावर उघड्या खाणींचा प्रस्ताव आहे आणि त्याला २०२२ मध्ये प्रांताची पर्यावरण मंजुरी मिळाली. कंपनी म्हणते, काम करताना जुना चुराही आम्ही उचलू. गावात यावर एक मत नाही, आणि भांडण कोळी विरुद्ध खाणवाले असं सरळही नाही. ज्याच्या मुलाला पश्चिमेकडे अल्बर्टाच्या तेलखाणीत जावं लागतं त्याला घराजवळ नोकरी हवी आहे, आणि त्याच माणसाचे शेवंडांचे पिंजरे त्याच खाडीच्या तोंडाशी आहेत. शहरातून येणारे वार्ताहर या माणसाला एका बाजूला उभं करू पाहतात. दीडशे वर्षं तो दोन्ही बाजूंना उभा आहे. त्याच्यावर एक बाजू लादायचा अधिकार मी घेतलेला नाही. पण माझं मत लपवूनही ठेवत नाही: पुनर्वसनाचा सगळा पैसा पहिला सुरुंग उडायच्या आधी सरकारजमा झाला पाहिजे, आणि खाडीतल्या गाळाची व शिंपल्यांची तपासणी कंपनीच्या नव्हे, तर गावाच्या हाती असली पाहिजे. खाण मागे काय ठेवून जाते हे या गावांनी पाहिलेलं आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. गावांच्या इतिहासात मिकमॉ लोक साधारणपणे पहिल्या प्रकरणात येतात, वसाहतकरी उतरले की दिसेनासे होतात. इथे ते पहिल्या प्रकरणात आहेत, वाटाड्यांच्या प्रकरणात आहेत आणि शेवटच्या प्रकरणात पुन्हा आहेत. १७६० आणि १७६१ मध्ये ब्रिटिशांनी त्यांच्याशी मैत्रीचे तह केले. त्यांत जमीन सोडून दिल्याचं कलम नव्हतं, आणि व्यापाराचा उल्लेख होता. तहांना शंभर वर्षं होतात न होतात तोच सोन्याची धावपळ सुरू झाली, आणि खाणीचे पट्टे वाटताना हे कागद कुणी उघडले नाहीत. ते उघडले गेले ते डोनाल्ड मार्शल यांच्या खटल्यात. न केलेल्या खुनासाठी अकरा वर्षं तुरुंग भोगलेला हा मिकमॉ माणूस १९९३ मध्ये अँटिगोनिश परगण्यातल्या पॉमकेट हार्बरला ईल मासे पकडून विकल्याबद्दल पुन्हा आरोपी झाला. सप्टेंबर १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १७६०-६१ च्या तहांच्या आधारे त्याला सोडलं आणि मिकमॉंना मासे पकडून माफक उपजीविका करण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. त्या निर्णयावरून किनाऱ्यावर तंटे झाले, होड्या जाळल्या गेल्या, आणि माफक म्हणजे किती, हा वाद अजून चालू आहे. आता नव्या खाणीचा प्रस्ताव आला की मिकमॉंशी सल्लामसलत करणं सरकारला बंधनकारक असतं. त्यामुळे शेवटच्या प्रकरणात शेवंडांचे परवाने आणि खाणीचे पट्टे एकाच टेबलावर आलेले दिसतील, आणि त्या टेबलाशी बसलेल्यांत १८६० च्या वाटाड्यांचे वंशजही असतील.